‘316 टाका, मग बघायलाच नको!’

हायपोच्या (सोडियम हायपोक्लोराइटच्या) टाकीवर नवा पंप किंवा व्हॉल्व्ह बसवायची वेळ आली की कुणीतरी हमखास सांगतो, “स्टेनलेसचं 304 नको, 316 टाका. मग बघायलाच नको.” जलशुद्धीकरण केंद्र असो, कापड गिरणी असो की कागद कारखाना, सल्ला तोच. वर्षभरात पंप ठिबकू लागला की “माल डुप्लिकेट निघाला” असंही तोच माणूस सांगतो. माल बहुतेक वेळा अस्सल असतो. निवडच चुकलेली असते.

स्टेनलेस स्टील टिकतं ते क्रोमियममुळे. ते किमान साडेदहा टक्के असलं की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर धरतो. ओरखडा पडला तरी ऑक्सिजन मिळताच तो भरून येतो. 316 मध्ये वर दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं. क्लोराइडपुढे थर टिकायला त्याची मदत होते, हे खरंच. पण हायपो म्हणजे नुसतं खारं पाणी नव्हे. कॉस्टिकच्या द्रावणात क्लोरीन सोडून सोडियम हायपोक्लोराइट करतात, तेव्हा जितके रेणू त्याचे तितकेच मिठाचे तयार होतात. थर फोडणारं क्लोराइड पहिल्या दिवसापासून हजर, आणि जोडीला जबर ऑक्सिडीकारक. क्लोराइड भोक पाडायला सुरुवात करतं, ऑक्सिडीकारक ते खोल नेतो. गास्केटखाली, आट्यांमध्ये, वेल्डच्या कडेला, जिथे द्रव अडकून राहतो तिथे आधी. पाइप बाहेरून चकचकीत आणि सुईच्या टोकाएवढं छिद्र आरपार! म्हणून ‘वर्षाला इतके मिलिमीटर झीज’ सांगणारे तक्ते इथे फसवतात. धातू जेमतेम काही ग्रॅम जातो, गळती मात्र पूर्ण होते.

“मग डेअरीत स्टेनलेसला हायपो कसा चालतो?” हा पुढचा प्रश्न ठरलेला. तिथे द्रावण अतिशय पातळ असतं, काही मिनिटं फिरवतात आणि लगेच धुऊन काढतात. पाण्याच्या सततच्या संपर्कासाठी सर्वसाधारण मर्यादा मोकळ्या क्लोरीनच्या 304 ला 2 पीपीएम आणि 316 ला 5 पीपीएम अशा धरतात. टँकरने येणारा हायपो 10 ते 12 टक्क्यांचा, म्हणजे लाखभर पीपीएमचा. आता काय बोलायचं? तरीही शंका असेल तर अमेरिकेतल्या क्लोरीन इन्स्टिट्यूट या उद्योगाच्याच संस्थेचं ‘पॅम्फ्लेट 96’ बघा. हायपोसाठी धातूच हवा असेल तर पसंती टायटॅनियमला आहे, स्टेनलेसला नाही.

द्रवाचा थेट स्पर्शही लागतोच असं नाही. स्वित्झर्लंडमधल्या उस्टर इथे मे 1985 मध्ये जलतरण तलावावरचं काँक्रीटचं छत कोसळून 12 जण दगावले. छत टांगलं होतं स्टेनलेसच्या सळ्यांवर. तलावाच्या दमट, क्लोरीनयुक्त हवेतून क्लोराइड त्यांच्यावर साचत गेलं आणि ताणाखाली सळ्या तडकल्या. आता युरोपीय मानकांत तलावांवरच्या अशा भारवाही, नियमित न धुतल्या जाणाऱ्या भागांसाठी 316 बाद आहे; जास्त मॉलिब्डेनमचे मोजके प्रकारच चालतात.

‘महाग तेवढं चांगलं’ हाही भ्रमच. निकेल, कोबाल्ट आणि तांबं हायपोच्या विघटनाला उत्प्रेरक ठरतात, त्यामुळे भारी निकेल मिश्रधातू घेऊन हायपोच कमजोर करून ठेवाल. टायटॅनियम इथे उत्तम, पण कोरड्या क्लोरीन वायूत तेच पेट घेतं. रोजच्या कामाला पीव्हीसी, सीपीव्हीसी किंवा व्हाइनिल एस्टरचं एफआरपी पुरतं. प्लास्टिक म्हटलं की साहेबांचा चेहरा पडतो, त्याला इलाज नाही.

बाकीचे भ्रम थोडक्यात. ‘लोहचुंबक चिकटलं म्हणजे हलका माल’: 316 हून सरस असलेल्या 2205 ड्युप्लेक्सला चुंबक चिकटतं आणि स्वस्तातल्या 202 ला सहसा चिकटत नाही. ‘हायपो अल्कधर्मी, म्हणून धातूला निर्धोक’: अल्कलीमुळे हल्ला थोडा मंदावतो इतकंच, पीएच उतरला की तोही आधार जातो. ‘गंजाचे डाग अ‍ॅसिडने काढा’: हायपोचा अंश उरला असेल तर क्लोरीन वायू सुटेल, तेव्हा हे कृपा करून करू नका.

‘पीव्हीसीचा बॉल व्हॉल्व्ह लावला, आता प्रश्न मिटला’ हेही अर्धंच खरं. व्हॉल्व्ह बंद केला की थोडा हायपो बॉलच्या पोकळीत अडकतो, हळूहळू ऑक्सिजन सोडतो आणि दाब वाढून व्हॉल्व्ह फुटू शकतो. म्हणून हायपोच्या व्हॉल्व्हमध्ये बॉलला एक बारीक भोक मुद्दाम पाडलेलं असतं. बंद स्थितीत ते टाकीच्या बाजूला यावं लागतं. बसवणाऱ्याने व्हॉल्व्ह उलटा लावला तर दाब भलत्याच बाजूला मोकळा होतो.