ढवळाढवळ कशाला म्हणायचं?

‘आमच्या घरात ढवळाढवळ करू नका, वहिनी!’ काही वर्षांपूर्वी गल्लीतल्या एका गृहस्थानं मला दारातूनच परत पाठवलं. आतून त्याच्या बायकोचं रडणं ऐकू येत होतं. मी मुकाट्यानं घरी आले. ‘कशाला नसती उठाठेव?’ म्हणत ह्यांनी दाराला कडी घातली. तो शब्द मात्र रात्रभर डोक्यातून जाईना.

मैत्रिणींनो, या एका गोष्टीसाठी आपल्या मराठीत किती शब्द आहेत बघा. मोठ्यांच्या कामात पोरं मध्येमध्ये करतात ती लुडबुड. कुणी सांगितलेलं नसताना ओढवून घेतलेलं काम म्हणजे उठाठेव. वर्तमानपत्रात येतो तो हस्तक्षेप. आणि ढवळाढवळ तर थेट आपल्या स्वयंपाकघरातली! दुसरीनं शिजत ठेवलेल्या भाजीत आपण डाव घालायचा. भाजीचा लगदा होतो आणि बोल मात्र तिला.

अशी ढवळाढवळ आपण बायकाही कमी करत नाही हं. लग्नाला वर्ष झालं की, ‘काय गं, गोड बातमी कधी?’ सुनेनं लावलेले डबे आपण पुन्हा लावायचे. तिनं नोकरी करावी की नाही, तेही आपणच ठरवायचं. इथे हा शब्द अगदी चपखल बसतो. तिनं विचारलेलं नसतं आणि आपल्यावाचून तिचं काही अडलेलंही नसतं.

पण शेजारणीचं दूध उतू जाताना दिसलं, तर गॅस बंद करायला आपण परवानगी मागतो का? मारहाणीचंही तसंच आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे, घरात हिंसा होतेय असं वाटायला कारण असेल तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं. चांगल्या हेतूनं माहिती दिली, तर त्याबद्दल दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. त्यासाठी नातं लागत नाही, शेजार पुरतो. अगदी तातडीच्या वेळी ११२ नंबर आहेच.

पंधरा दिवसांनी तीच शेजारीण दळणाच्या गिरणीत भेटली. हळूच म्हणाली, ‘वहिनी, त्या दिवशी तुम्ही दारात आलात ना, तेवढ्यापुरता त्यांचा हात थांबला.’ मी ओशाळले. मी तर लगेच परत फिरले होते!

तेव्हापासून ‘ढवळाढवळ’ शब्द कानावर आला की मी आधी बघते, हे म्हणतंय कोण? जिला मार बसतोय ती, की मारणारा?