पिट्सबर्ग पायरेट्स : सामने आणि माणसं

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातला हा बेसबॉल संघ १८८७ पासून नॅशनल लीगमध्ये खेळतो.

● हंगाम : १६२ सामने, त्यातले निम्मे घरच्या पीएनसी पार्कवर.

● वर्ल्ड सिरीज विजेतेपद : पाच वेळा – १९०९, १९२५, १९६०, १९७१, १९७९.

● अविस्मरणीय सामना : १३ ऑक्टोबर १९६०. वर्ल्ड सिरीजमधला यांकीज संघाविरुद्धचा सातवा, निर्णायक सामना ९-९ असा बरोबरीत. नवव्या डावात बिल मॅझेरोस्कीने चेंडू डावीकडच्या भिंतीपलीकडे धाडला आणि विजेतेपद खेचून आणलं.

● रॉबर्टो क्लेमेंटे : पोर्टो रिकोचा हा खेळाडू १८ हंगाम याच संघाकडून खेळला. ३० सप्टेंबर १९७२ रोजी त्याने ३०००वी हिट नोंदवली. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला, निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान अपघातात त्याचा मृत्यू झाला. खेळाडू म्हणून थोर, माणूस म्हणून त्याहून थोर! त्याच्या जर्सीचा क्रमांक २१. म्हणून पीएनसी पार्कची उजवीकडची भिंत २१ फूट उंच आहे.

● भारतीय नातं : उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांना २००८ मध्ये या संघाने करारबद्ध केलं. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉल संघाशी करार करणारे ते पहिले भारतीय.