ल्युपस असताना दिवस गेले? गोळ्या मनाने बंद करू नका

दोंडाईचा : मागच्या महिन्यात शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावातून फोन आला. "भाऊ, सूनबाईला ल्युपस निघालेला आहे. आता तिला दिवस गेलेत. घरात सगळे म्हणतात गोळ्या गरम पडतील, बंद करा. काय करू?" मी शेतकरी माणूस, बातम्या लिहितो, डॉक्टर नाही. विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका, उद्याच दवाखान्यात न्या, एवढंच सांगितलं. मग या आजाराची माहिती काढत बसलो.

ल्युपसमध्ये शरीराची रोगाशी लढणारी ताकद आपल्याच अंगावर उलटते. राखणीला ठेवलेल्या माणसानेच पीक कापावं, तसं. दहा रुग्णांत नऊ बाया, त्याही बहुतेक मूल होण्याच्या वयातल्या. सांधे दुखतात, बारीक ताप राहतो, केस गळतात, तोंड येतं, नाकावरून दोन्ही गालांवर लाल चट्टा उठतो. उन्हात तो वाढतो. आपल्याकडे कापूस वेचायला, मिरची तोडायला बाया दिवसभर उन्हात. चट्टा म्हणजे ऊन लागलं आणि सांधे दुखतात ते कामाने, असं म्हणत वर्षं निघून जातात. शिवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने हा आजार होत नाही.

पूर्वी अशा बाईला डॉक्टरच सांगायचे, मूल होऊ देऊ नका. आता तसं राहिलं नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या ३८५ गरोदर बायांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात शंभरातल्या ८१ जणींची गर्भारपणं मोठी अडचण न येता पार पडली. पण त्या सगळ्यांचा आजार सुरुवातीला शांत किंवा सौम्य होता, हे विसरू नका. आजार भडकलेला असताना, त्यातही किडनीला सूज असताना दिवस गेले, तर बीपी वाढणं, झटके येणं, बाळ कमी दिवसाचं होणं किंवा पोटातच दगावणं, हे धोके बरेच वाढतात. म्हणून डॉक्टर म्हणतात, आजार निदान सहा महिने शांत राहू द्या, मग मुलाचा विचार करा. लग्नाला वर्ष झालं नाही तर "गोड बातमी कधी" विचारणाऱ्यांनी इथं जरा दम धरावा.

आता गोळ्यांचं. सगळ्या सारख्या नसतात. मायकोफेनोलेट, मेथोट्रेक्झेट, सायक्लोफॉस्फामाइड ही औषधं बाळाला घातक आहेत. मूल राहण्याआधीच डॉक्टर ती बदलून देतात. चुकून त्यावर असतानाच दिवस गेले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. उलट हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन गरोदरपणातही चालू ठेवायची असते. हीच ती कोरोनात गाजलेली गोळी. मार्च २०२० मध्ये सरकारने तिची निर्यात थांबवली होती. लोकांनी भीतीपोटी घेऊन ठेवली आणि जिला ती रोज लागते, तिलाच दुकानात मिळेना. गरोदरपणात ती बंद केली तर आजार उसळतो आणि त्याचा त्रास आईला आणि बाळालाही होतो. घरातले जिला "गरम" म्हणतात, ती बहुतेक हीच. तिसरा महिना संपता संपता कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिनही देतात, बीपीचा त्रास टळावा म्हणून. तीही डॉक्टरांनी लिहून दिली तरच घ्यायची.

दोन रक्ततपासण्यांबद्दल आवर्जून विचारा. ल्युपस असलेल्या काही बायांच्या रक्तात अँटीफॉस्फोलिपिड नावाचे घटक असतात. त्याने वारेत गुठळ्या होऊन गर्भ पुन्हा पुन्हा खाली होतो. गावात मात्र सुनेचा पायगुण काढतात, देवऋषी करतात. तपासणीत हे निघालं, तर अ‍ॅस्पिरिनसोबत हेपॅरिनची इंजेक्शनं देऊन पुष्कळदा बाळ हाती लागतं. दुसरी तपासणी अँटी-रोची. ती पॉझिटिव्ह असेल, तर शंभरात साधारण दोन बाळांच्या हृदयाचे ठोके मंदावतात. म्हणून सोळाव्या आठवड्यापासून बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी सांगतात.

या आजाराचे तज्ज्ञ, म्हणजे संधिवाताचे डॉक्टर, तालुक्याच्या गावाला भेटत नाहीत. पण बीपी मोजणं आणि लघवीतलं प्रोटीन तपासणं आपल्या आरोग्य केंद्रातही होतं, आणि किडनीची पहिली खबर तिथूनच लागते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते. तिथं आजाराचं नाव स्पष्ट सांगा, आशाताईंनाही सांगून ठेवा. बाळंतपण मात्र मोठ्या दवाखान्यातच करायचं, हे आधीच ठरवा. धुळ्याला जायला गाडी कोणाची, रात्री फोन कोणाला, हे सातव्या महिन्यातच बघून ठेवलेलं बरं.

बाळंत झाल्यावरही आजार उसळू शकतो. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन चालू असताना बाळाला अंगावर पाजता येतं. आणि पहिलं बाळंतपण माहेरी असतं, तेव्हा फाइल सासरच्या कपाटात राहून जाते. लेकीसोबत तिची फाइल आणि गोळ्याही माहेरी पाठवा.