कव्हरवर कोण?

आमच्या सासऱ्यांना सिनेमांचा भारी नाद. सिनेमांच्या सीडी, घरातल्या लग्नकार्यांच्या कॅसेट, सगळं एका लोखंडी ट्रंकेत जपलेलं. ते गेले आणि दोन-चार पावसाळ्यांत कॅसेटना बुरशी धरायला लागली. मग माझ्या मुलाने ट्रंक उचलून तालुक्याच्या स्टुडिओत नेली आणि सगळं तळहाताएवढ्या हार्ड डिस्कमध्ये भरून आणलं. एक ट्रंक रिकामी झाली म्हणून मी खूश!

पण आमच्या सासूबाईंची पंचाईत झाली. शिक्षण मराठी चौथीपर्यंत. पूर्वी ट्रंक उघडायची, कव्हरवरचं चित्र बघायचं, हवी ती सीडी काढायची. आता टीव्हीवर नुसती इंग्रजी यादी. ‘व्हीटीएस’, ‘न्यू फोल्डर’ असली नावं! ‘‘असू दे गं, तुझं आवरलं की लाव,’’ म्हणत त्या रिमोट घेऊन बसून राहायच्या. एका दुपारी मी ओटा आवरून आले, तर तासभर त्या नुसत्या पडद्याकडे बघत होत्या. मनाला फार लागलं.

मुलाने जुना कॉम्प्युटर टीव्हीला जोडून त्यात कोडी नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकून दिलं. बाकीचं मी शिकले. प्रत्येक सिनेमाचा वेगळा फोल्डर करायचा, त्याला सिनेमाचं नाव आणि पुढे कंसात साल द्यायचं. मग पोस्टर इंटरनेटवरून आपोआप येतं. साल मात्र विसरायचं नाही. मी नुसतं ‘श्यामची आई’ लिहिलं, तर २०२३चं पोस्टर आलं. आमच्याकडचा होता अत्र्यांचा, १९५३चा. ‘देवदास’ तर हिंदीतच १९३६, १९५५ आणि २००२ असे तीन! चुकीचं चित्र आलं, तर आपलं चित्र ‘पोस्टर’ असं इंग्रजीत नाव देऊन त्याच फोल्डरमध्ये ठेवायचं. उभं हवं, रुंदी दोन तर उंची तीन. काही सीडींची जुनी कव्हरं मी प्लॅस्टिकमधून काढून खिडकीशी धरली आणि मोबाइलने फोटो काढले. प्लॅस्टिक ठेवलं तर चकाकतं.

आठवडाभरात पडदा चित्रांनी भरला. आईंनी पहिल्याच दिवशी ‘माहेरची साडी’ स्वतः लावला. कुणाला हाक न मारता!

राहिल्या घरच्या कॅसेट. त्यांचं पोस्टर कुठून येणार? व्हीएलसीमध्ये व्हिडिओ हवा तिथे थांबवून त्याचाच फोटो काढता येतो. नणंदेच्या लग्नाचं, १९९४ सालचं शूटिंग काढलं. मी अंतरपाटाचं दृश्य निवडलं. आईंनी बघितलं, आणि हळूच विचारलं, ‘‘यात मी कुठं दिसते का गं?’’

दोघींनी मिळून तीन तासांची कॅसेट पाहिली. बँडवाले, व्याह्यांचे फेटे, पंगतीतला एकेक पुरुष, रुखवतातला लाडूसुद्धा दिसला. मुलीची आई मात्र दोनदाच. एकदा कोठीच्या खोलीत शिरताना, तीही पाठमोरी. दुसऱ्यांदा पाठवणीला, लेकीच्या खांद्यावर हात, डोळ्यांना पदर. जेमतेम चार सेकंद. एवढा स्वयंपाक, मानपान, रुसवेफुगवे सांभाळणारी बाई, आणि तिच्या वाट्याला चार सेकंद!

मी दहा वेळा मागे-पुढे केलं, तेव्हा कुठे चेहरा स्पष्ट असलेली जागा सापडली. तेच झालं कव्हर.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरी अशी शूटिंग असतील. कव्हर निवडताना जरा बघा, कोण दिसतंय आणि कोण कोठीत राहिलंय.

दिवाळीला नणंद आली. टीव्हीवर ते चित्र बघून नुसती उभी राहिली. मी रिमोटला हात घालणार, तेवढ्यात आई म्हणाल्या, ‘‘थांब गं, मी लावते.’’