बंदी भाग : पैनगंगेच्या वळणातली गावं

यवतमाळहून महामार्गाने नांदेडकडे निघालं की महागाव मागे पडतं आणि उमरखेड लागतं. तालुक्याचं गाव, एसटीचं आगार, भरलेली बाजारपेठ. ईसापूर धरणाचं पाणी पोहोचलेल्या शिवारात ऊस आणि हळद दिसते. महामार्गावरून जाणाऱ्याला वाटतं, उमरखेड तालुका म्हणजे हाच. पण ढाणकीवरून बिटरगावकडे वळलं की ओलिताची वावरं संपत जातात, सागाचं जंगल सुरू होतं आणि त्याच तालुक्याचा दुसरा चेहरा समोर येतो. पंचक्रोशीत या पट्ट्याला ‘बंदी भाग’ म्हणतात. बिटरगाव, कोरटा, मोरचंडी, जेवली, दराटी, सोनदाबी ही इथली नावं.

बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावलेली पैनगंगा इथे मोठं वळण घेते. त्या वळणात पैनगंगा अभयारण्य आहे. त्याच्या तीन बाजूंना नदीच आहे. अभयारण्याचं क्षेत्र सुमारे सव्वातीनशे चौरस किलोमीटर. जंगल पानगळीचं, मुख्यतः सागाचं. उन्हाळ्यात ते उघडंबोडकं होतं आणि पहिल्या पावसानंतर काही दिवसांत हिरवंगार. समुद्र इथून शेकडो कोस दूर, पण पावसाळ्यात नदी फुगली, नाल्यांना पूर आला की इथल्या काही वस्त्यांचं जगणं एखाद्या बेटावरच्या गावासारखंच होतं. बाहेर पडायची वाट एकच, आणि तीही पाण्याखाली.

नदी नव्हे, सरहद्द

हे एकटेपण निसर्गाने दिलं तेवढंच इतिहासानेही. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला आणि पैनगंगा दोन राजवटींमधली सरहद्द झाली. अलीकडे इंग्रजांचा अंमल, पलीकडे निजामाचा. त्या काळी उमरखेड पुसद तालुक्यात होतं आणि पुसद तालुका वाशीम जिल्ह्यात. १९०५ मध्ये तो जिल्हा मोडला आणि पुसद यवतमाळला जोडलं गेलं. १९५६ मध्ये दोन्ही काठ एका राज्यात आले. तरी नदी विदर्भ-मराठवाड्याची हद्द राहिलीच. आजही नदीकाठच्या गावांना बाजारासाठी, दवाखान्यासाठी पलीकडचं हिमायतनगर, इस्लापूर किंवा किनवट सोयीचं पडतं. सरकारी कामाला मात्र उमरखेड गाठावं लागतं आणि जिल्ह्याचं काम असेल तर तिथूनही शंभराहून अधिक किलोमीटरवरचं यवतमाळ. पुसद जिल्हा व्हावा या जुन्या मागणीमागे अशाच हेलपाट्यांचा थकवा आहे.

मोह, तेंदू आणि जागल

या भागात आंध आदिवासींची गावं आहेत, बंजारा समाजाचे तांडे आहेत. शेती बहुतेक पावसावरची : कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी. पीक दाणे धरू लागलं की रानडुकरं आणि रोही वावरात उतरतात, म्हणून घरातलं कुणीतरी रात्री जागलीला माळ्यावर असतं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं वेचायची, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायचा, त्याची पुडकी बांधायची. अधूनमधून चारोळी आणि डिंक. शेतीच्या उत्पन्नाला या रानमेव्याची जोड नसेल तर वर्ष निघत नाही. दिवाळीनंतर अनेक कुटुंबं ऊसतोडीला बाहेर पडतात. घराला कुलूप लागतं, म्हातारी माणसं मागे राहतात आणि मुलांच्या शाळेचं अर्धं वर्ष फडावर जातं.

वावर कुणाचं?

बंदी भागात मालमत्तेचा विषय काढला की बोलणं जबरान जोतीवर येतं. दोन-तीन पिढ्या कसत आलेली जमीन सरकारदप्तरी वनजमीन आहे. सातबारा नाही म्हणून बँकेचं पीककर्ज नाही, विहिरीची योजना नाही, आणि मनात कायमची धास्ती.

जंगलावर हक्क कुणाचा, हा प्रश्न या मातीला नवा नाही. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातलं गवत कापून जंगल सत्याग्रह केला. इंग्रजांच्या जंगल कायद्याने गावकऱ्याचा चारा आणि सरपण गुन्हा ठरवलं होतं. त्या अन्यायाविरुद्धची ती कृती होती. त्यानंतर शहात्तर वर्षांनी, २००६ मध्ये, संसदेने वनहक्क कायदा केला आणि आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचं त्याच्या प्रास्ताविकेतच मान्य केलं.

या कायद्यात बंदी भागासाठी फार मोठी गोष्ट आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताब्यात असलेल्या आणि कसल्या जाणाऱ्या वनजमिनीवर आदिवासी कुटुंबाला चार हेक्टरपर्यंत हक्क मिळतो. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर होतो. तो वारसांकडे जातो, पण विकता येत नाही. पुरावा म्हणून गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही चालतो. दाव्याची सुरुवात ग्रामसभेत होते. बिगर-आदिवासी वननिवाशांसाठी अट कडक आहे : तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. महाराष्ट्रात बंजारा समाज अनुसूचित जमातींत नसल्याने तांड्यावरच्या शेतकऱ्याला हीच अट लागू होते, आणि तिथेच अनेक दावे अडतात. फिरत्या समाजाकडे पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा कागद कुठून असणार?

समुद्रापार इंडोनेशियाच्या बेटांवरची गावंही याच प्रश्नाशी झगडली आहेत. तिथे परंपरेने गावाची असलेली जंगलं सरकार स्वतःची मानत होतं. मे २०१३ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने निर्णय दिला की ही जंगलं सरकारी जंगलात मोडत नाहीत. पण निकाल लागला म्हणून गावांच्या नावे कागद लगेच झाले नाहीत. त्यासाठी तिथल्या गावांना पुढेही बरंच झगडावं लागलं. बंदी भागाचा अनुभव याहून वेगळा नाही.

रस्त्याची गाठ

इथे जमिनीचा प्रश्न आणि रस्त्याचा प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. गावाची वाट वनजमिनीतून जाते, म्हणून डांबर टाकायलाही वनखात्याची परवानगी लागते. बाळंतीण असो की साप चावलेला माणूस, पावसाळ्यात दवाखान्यापर्यंत वेळेत पोहोचता येईल की नाही हे नाल्याच्या पाण्यावर ठरतं.

यावरही वनहक्क कायद्यात तरतूद आहे. कलम ३(२) नुसार शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पाणीपुरवठा, वीज आणि दूरसंचार लाइन, रस्ता अशा तेरा सुविधांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. हेक्टरी पंचाहत्तरहून जास्त झाडं तुटता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. अभयारण्याच्या हद्दीत वन्यजीव कायद्याचे नियमही पाळावे लागतात, आणि ते पाळलेच पाहिजेत. हे जंगल राखण्याची गरज गावकऱ्यांइतकी कुणालाच नाही. पण पुलासाठी लागणारी गुंठ्यांतली जागा आणि जंगलतोड यांत फरक आहे. तो फरक कायद्याने ओळखला आहे. फायलीनेही ओळखायला हवा.

जायचं असेल तर

पाहुण्यांना इथे खेचून आणतो तो सहस्रकुंड धबधबा. काळ्या खडकावरून पैनगंगा असंख्य धारांनी कोसळते. एक काठ उमरखेड तालुक्याचा, दुसरा किनवटचा. पलीकडच्या काठाला मुदखेड–आदिलाबाद लोहमार्ग जवळ आहे. अलीकडून उमरखेड–ढाणकी मार्गे गाडीने जावं लागतं. पाऊस सुरू झाल्यावर धबधबा भरात असतो, पण तेव्हा खडकांवर उतरू नये. वरच्या अंगाला झालेल्या पावसाचं पाणी इथे अचानक चढतं. अभयारण्यात शिरण्याआधी वनखात्याच्या कार्यालयात चौकशी करावी.

धबधबा पाहून परतणारे दरवर्षी पुष्कळ असतात. त्यांतल्या काहींनी वाटेतल्या गावात थांबून ग्रामसभेचा ठराव कुठे अडला आहे एवढं विचारलं, शिकलेल्या कुणी दाव्याचे कागद लावून दिले, तर त्याचा खरा उपयोग होईल. बंदी भागाला नव्या घोषणेची गरज नाही. कायदा आहे, ग्रामसभा आहे, कसणारे हात आहेत. पट्टा आणि पूल या दोन गोष्टी मिळाल्या तर इथली पुढची पिढी उसाच्या फडावर न जाता आपल्या वावरात राहू शकेल.