फार शुद्ध पाणी माशाला का सोसत नाही?

औसा भागातील बेसॉल्टमधून येणारे बोअरचे पाणी बहुधा जड. म्हणून शाळेच्या काचपेटीत नुसते आरओचे पाणी भरले, की गोल्डफिश मलूल होतात. असे का?

माशाच्या रक्तातील क्षार भोवतालच्या गोड्या पाण्यापेक्षा जास्त असतात. परासरणाने पाणी कल्ल्यांतून आत शिरते, क्षार बाहेर झिरपतात. ही गळती कॅल्शियम आवरते. आरओच्या पाण्यात ते नगण्यच. बायकार्बोनेटही नसल्याने पेटीतील जीवाणूंनी तयार केलेल्या आम्लाने सामू झपाट्याने घसरतो.

आम्ही विकतच्या क्षारपुडीआधी बोअरकडेच वळू. त्याचे काठिण्य लिटरला 600 मिलिग्रॅम असल्यास एक भाग बोअर, तीन भाग आरओ, मिश्रण 150चे. गोल्डफिशला एवढे पुरते. (खाण्याच्या मिठाने काठिण्य वाढत नाही, बरे!) मात्र पाणी एकदम न बदलता रोज थोडे थोडे बदलावे.