रदरफर्डच्या खोलीतली धूळ

जुन्या विज्ञान-इमारतीची डागडुजी म्हणजे काय? वायरिंग बदला, फळ्या उचकटा, रंग मारा. पण मँचेस्टर विद्यापीठातल्या कूपलंड स्ट्रीटवरच्या इमारतीत फळीला हात लावण्याआधी तिची किरणं मोजावी लागली! कारण १९०७ ते १९१९ या काळात इथे भौतिकशास्त्रज्ञ अर्नेस्ट रदरफर्ड रेडियमसारख्या किरणोत्सारी पदार्थांवर काम करत होता. अणूला केंद्रक असतं हे जगाला कळलं ते इथून.

आता गंमत बघा. रेडियम निम्मं व्हायला सुमारे १६०० वर्षं लागतात. म्हणजे १९०८ साली टेबलावरून जे सांडलं, त्यातलं ९५ टक्के, कुणी उचललं नसेल तर, आजही तिथेच! शिवाय त्यातून रेडॉन वायू निघत राहतो. तो खोलीभर फिरतो, पण चारेक दिवसांत त्यातला निम्मा मोडतो आणि मागे घन कण उरतात. कापूर विझला तरी देव्हाऱ्याच्या छताला काजळी राहते ना, तसे ते भिंतींना, फळ्यांना चिकटतात.

या चिकटलेल्या कणांतून सुटणारे अल्फा कण कसले? साध्या कागदाने अडणारे. रंगाचा एक हात दिला तरी ते लपतात! मग भिंत स्वच्छ वाटते. पण तीच भिंत तासली की धूळ उडते, आणि ती श्वासातून फुप्फुसात गेली तर तिथे अल्फा कणांना अडवायला कागद नसतो.

आणि इमारत तर वापरात! रदरफर्डनंतर कित्येक दशकांनी तिथे मानसशास्त्र विभाग नांदत होता. (तिथल्या लोकांना असलेला धोका कमीच होता, असं २००९ च्या स्वतंत्र तपासणीत दिसलं, हे सांगायलाच हवं.) शेजारी माणसं असताना अशी धूळ आवरायची कशी? खोली प्लास्टिकने बंद करतात आणि पंख्याने आतली हवा बारीक गाळणीतून बाहेर ओढत राहतात. आतला दाब कमी होतो. चुकून फट राहिली तरी हवा बाहेरून आत शिरते, धूळ बाहेर येत नाही. किती साधं, किती हुशार!

आणि अल्फा शोधायचे कशाने? १९०९ मध्ये रदरफर्डचे सहकारी गायगर आणि मार्सडेन इथेच अंधारात बसून झिंक सल्फाइडच्या पडद्यावर उमटणारे प्रकाशाचे ठिपके डोळ्यांनी मोजत होते. आजच्या कित्येक अल्फा-मापकांच्या तोंडाशी तेच झिंक सल्फाइड असतं. ठिपके मोजायला डोळ्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक नळी आली, एवढंच. फक्त अल्फा हवेत काही सेंटिमीटरच जातात, म्हणून मापक फळीला जवळजवळ टेकवून, वितीवितीने पुढे सरकवावा लागतो.